जुगार म्हणू नका, मामा!

मराठी माणूस पत्त्यांकडे दोन वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहतो. उजव्या डोळ्याला बदामसात, झब्बू, पाच-तीन-दोन, मेंढीकोट असे सोज्वळ खेळ दिसतात. हे खेळ मे महिन्याच्या सुट्टीत, पावसाळी रविवारी, रेल्वेच्या डब्यात मांडीवर वर्तमानपत्र पसरून आणि गणपतीच्या जागरणाला प्रत्यक्ष विघ्नहर्त्यासमोर बसून खेळले तरी चालतात. डाव्या डोळ्याला तीन पत्ती दिसते. तिच्याबरोबर बिडीचा धूर, वर लोंबणारा पिवळा बल्ब, गहाण पडलेलं मंगळसूत्र आणि मागच्या दाराने शिरणारे पोलीस एवढा सगळा सरंजाम दिसतो. पत्ते तेच. बावन्नच. राजाची दाढी तीच आणि राणीच्या हातातलं फूलही तेच. पण मध्ये एक रुपया ठेवला, की घरातली वडीलधारी माणसं ताबडतोब उजवा डोळा मिटून घेतात.

हा रुपया नेमकं काय करतो, हा प्रश्न तसा जुना आहे. ऋग्वेदात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यातला जुगारी फाशांना शिव्या देतो, आता पुन्हा जाणार नाही म्हणून निश्चय करतो, आणि फासे खुळखुळले की निघतो. शेवटी त्याला सल्ला मिळतो तो शेती कर म्हणून. शेती हा कमी जोखमीचा धंदा आहे असं त्या काळी लोक समजत असावेत. कौटिल्य मात्र सल्ले देत बसला नाही. त्याने सरळ एक द्यूताध्यक्ष नेमला. जुगार एकाच ठिकाणी, सरकारी देखरेखीखाली, सरकारी फाशांनी. दुसरीकडे खेळलात तर बारा पण दंड. जिंकणाऱ्याकडून शेकडा पाच सरकारजमा, शिवाय फाशांचं भाडं आणि पाण्याचे पैसे वेगळे. वाचताना वाटतं, हा मनुष्य आज असता तर कुठल्या तरी मंत्रालयात सचिव असता आणि पाण्याच्या पैशांवर त्याने जीएसटी लावला असता.

माझी या विषयात गती एवढीच. एकदा रविवारी सकाळी माझा भाचा घरी आला. हा मुलगा कॉम्प्युटरमध्ये इंजिनिअर आहे, हुशार आहे, मोठ्यांना नमस्कार करतो. त्याच्या हातात एक टाईप केलेलं निवेदन होतं.

"मामा, सही हवी होती. ज्येष्ठ नागरिकांच्या सह्या असल्या की वजन येतं."

मी चष्मा लावला. निवेदन आमच्या खासदारांना होतं. ऑनलाइन पोकर कायदेशीर करा, त्याला परवाने द्या, त्याचं नियमन करा, कर घ्या, अशी मागणी होती. खाली सहा सह्या होत्या आणि सगळ्यांची अक्षरं तरुण होती.

"म्हणजे जुगार सुरू करा म्हणून मी सही करू?"

"जुगार म्हणू नका, मामा!" भाचा असा कळवळला, की कुणी त्याच्या आईविषयी बोललं असावं. "पोकर हा कौशल्याचा खेळ आहे."

मग त्याने मला पोकर समजावून सांगितला. प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात, ते झाकून ठेवायचे. मध्ये टप्प्याटप्प्याने पाच पत्ते उघडतात, ते सगळ्यांचे. या सातांतून चांगल्यात चांगले पाच ज्याचे, त्याचा डाव. पण मुख्य गंमत पत्त्यांत नाही. हातात काही नसताना आहे असं भासवायचं आणि भरपूर असताना काहीच नाही असा चेहरा करायचा, यात आहे. मला हे ऐकून नवल वाटलं नाही. मुलीची लग्नं ठरवताना आणि इन्कमटॅक्स भरताना आमच्या पिढीने अनुक्रमे हे दोन्ही प्रकार केले आहेत.

आता हे निवेदन काढण्याची वेळ का आली, तेही सांगितलं पाहिजे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी एक कायदा केला. २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत, २२ ला राष्ट्रपतींची सही. आमच्या सोसायटीचा गळका नळ बदलण्याचा ठराव याहून सावकाश पास होतो. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत, नशिबाचे असोत, की दोन्हींची मिसळ असो, या कायद्याने निषिद्ध ठरवले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी पैशांचे डाव त्याच आठवड्यात बंद केले आणि प्रकरण कोर्टात गेलं.

"मामा, कोर्टाने काय म्हटलंय ते वाचा आधी," भाचा म्हणाला आणि त्याने कागद काढले. हल्लीची मुलं पोथ्या वाचत नाहीत म्हणतात, पण सुप्रीम कोर्टाचे निकाल त्याला व्यंकटेशस्तोत्रासारखे पाठ होते.

पहिला निकाल १९५७ चा. त्याचं मूळ, वाचकहो, शब्दकोड्यात आहे. त्या काळी मुंबईत बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं वेड होतं. कोडी घालणारे वर्तमानपत्र छापायचे बंगलोरला आणि कोडी सोडवणारे पैसे पाठवायचे मुंबईहून. मुंबई सरकारने कर मागितला आणि भांडण दिल्लीला गेलं. कोर्टाने सांगितलं, की जुगार हा व्यापार नव्हे, त्याला घटनेचं संरक्षण नाही. पण ज्या स्पर्धेत कौशल्याचा भाग मोठा, ती जुगारात मोडत नाही. त्या दिवसापासून आपल्या देशात कौशल्य या शब्दाला जे महत्त्व आलं, ते शाळा-कॉलेजांतही आलं नसेल. १९६८ साली सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचं प्रकरण आलं. कोर्ट म्हणालं, रमीत पडलेले पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कुठला धरायचा, कुठला टाकायचा हे ठरवावं लागतं, तेव्हा रमी मुख्यतः कौशल्याची. तीन पत्ती मात्र निव्वळ नशिबाची. १९९६ साली घोड्यांच्या शर्यतीही कौशल्यात जमा झाल्या. घोडा कौशल्याने धावतो यात वाद नाही. तिकीट काढून कठड्याला टेकलेल्या माणसाचंही त्यात कौशल्य असतं, ही नवी माहिती होती.

पोकरचं नशीब मात्र राज्याराज्यांत वेगळं. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज आणि रमीबरोबर पोकरलाही जुगाराच्या व्याख्येतून नावानिशी वगळलं आहे. नागालँडने २०१६ साली ऑनलाइन पोकरला परवाने देणारा कायदाच केला. उलट गुजरातच्या हायकोर्टाने २०१७ साली पोकरला जुगार ठरवलं. म्हणजे पत्त्यांचा जोड खिशात घालून अहमदाबाद-हावडा एक्स्प्रेसमध्ये बसलेला पोकरवाला जुगारी म्हणून चढतो आणि कसबी खेळाडू म्हणून उतरतो. मध्ये भुसावळ-नागपूरला तो कोण असतो, ते तिकीट तपासनिसाला विचारलेलं बरं.

"आणि हे बघा," भाच्याने शेवटचं पान काढलं. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत पिट्सबर्गला 'लिब्राटस' नावाचा कॉम्प्युटर प्रोग्राम चार नामांकित पोकरपटूंशी वीस दिवस खेळला. एक लाख वीस हजार डाव झाले. चौघेही हरले. "नशिबाचा खेळ असता तर मशीन जिंकलं असतं का? एवढा पुरावा पुरे नाही?"

पुरावा पुरेच होता. मला काळजी वाटली ती वेगळीच. मी विचारलं, "अरे, मग रात्री दोन वाजता मोबाईलवर तुझ्यासमोर जो बसतो, तो माणूस आहे की त्या मशीनचा चुलतभाऊ, हे तुला कसं कळतं?"

भाचा थोडा थांबला. "म्हणूनच तर नियमन हवं, मामा," तो म्हणाला. हा मुलगा पोकर चांगला खेळत असणार, यात मला शंका उरली नाही.

पण माझं खरं अडलं ते पुढे. कौशल्य, कौशल्य असा जप चालला असताना माझ्या मनात एक साधा विचार आला. सोरटीत किंवा लॉटरीत ढ माणसालाही आशा असते. नशीब आंधळं असल्यामुळे ते ढ आणि हुशार असा भेद करत नाही. कौशल्याच्या खेळात ढ माणसाला कसली आशा? तो आज एखादा डाव जिंकेल. महिन्याच्या शेवटी तो हरणारच. आणि पोकरमध्ये पैसे आभाळातून पडत नाहीत. टेबलावरच्या एकाने भरलेले दुसऱ्याकडे जातात, आणि कंपनी प्रत्येक डावातून आपला वाटा कापून घेते. पत्त्यांच्या अड्ड्यावर याला नाल काढणं म्हणतात. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे तिचं नाव बदललं आहे, एवढंच. म्हणजे खेळ जितका कौशल्याचा, तितकं कच्च्या माणसाचं हरणं पक्कं. कोर्टापुढे हा युक्तिवाद बिनतोड असेल. पण ज्याला हरायचं आहे, त्याच्या बाजूने पाहिलं तर हे समर्थन नसून इशारा आहे.

हस्तिनापूरच्या सभेतही खेळ कौशल्याचा की नशिबाचा असा वाद कुणी काढला नव्हता. शकुनी कसबी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं; सगळा घोटाळा तिथेच होता. त्या सभेत मुद्द्याचा प्रश्न विचारला एकट्या द्रौपदीने. जो आधी स्वतःलाच हरून बसला, त्याला मला पणाला लावायचा अधिकार होता का? एवढे विद्वान बसलेले. पण सभेला निर्णय काही देता आला नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे असं भीष्मांनी सांगितलं. म्हणजे पुढची तारीख दिली.

भाच्याला मी १९६८ च्या त्याच निकालातलं पुढचं वाक्य वाचून दाखवलं. क्लबचा मालक जर रमीच्या डावांतून स्वतः नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकेल, अशा अर्थाचं ते आहे. हे वाक्य निवेदनात आलेलं नव्हतं. मामा कागद शेवटपर्यंत वाचेल, असं त्याला वाटलं नसावं.

एवढ्यात समोरच्या ब्लॉकमधले निवृत्त मामलेदार चहाला आले. आमच्याकडे चहा टाकलेला त्यांना त्यांच्या घरी कळतो. त्यांनी निवेदन उभ्या उभ्या वाचलं आणि टेबलावर ठेवून दिलं. "बंदी म्हणजे बंदी. समाजाला लागलेली कीड आहे ही. सरकारने काय जुगाराचे अड्डे चालवायचे?"

मामलेदारसाहेबांची सगळी नोकरी सरकारात गेल्यामुळे सरकारने काय काय चालवलं, याची त्यांना आठवण नसणं साहजिक आहे. मटका ऐन भरात असताना, १९६९ साली, महाराष्ट्र सरकारने स्वतःची लॉटरी काढली. महालक्ष्मीला घोडे धावतात. १८७२ च्या करार कायद्यात पैजेचा करार रद्दबातल आहे, पण त्यातही घोड्यांच्या शर्यतीच्या पाचशे रुपयांच्या आणि त्यावरच्या बक्षिसांना सूट आहे. एकोणपन्नास साली आपण दारूबंदीचा कायदा केला आणि प्रकृतिस्वास्थ्यासाठी पिण्याचे परवाने दिले. त्या हिशेबाने महाराष्ट्र हा देशातला सर्वांत प्रकृतिमान प्रांत असायला हवा. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने चक्क कॅसिनोंचा कायदा केला. परवाने कसे द्यायचे, कर किती घ्यायचा, सगळं तयार. फक्त तो अमलात आणला नाही. सत्तेचाळीस वर्षं तो कायदा हातात पत्ते झाकून बसला आणि २०२३ साली मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. एवढा वेळ चेहऱ्यावर काही न दाखवता बसणं भाच्याच्या पोकरपटूंनाही जमायचं नाही.

तिकडे गोव्याने कॅसिनो मांडवीत बोटींवर ठेवले, आणि २०२० च्या फेब्रुवारीपासून गोव्याच्याच माणसाला तिथे मज्जाव केला. म्हणजे विष आहे हे मान्य. पाहुण्यांना द्यायला हरकत नाही. आणि २०२५ च्या जुलैत आपल्या विधान परिषदेत एका मंत्र्यांच्या मोबाईलवर रमीचे पत्ते दिसल्याचा व्हिडिओ गाजला. आपण खेळत नव्हतो, आलेला खेळ बंद करत होतो, असं मंत्र्यांनी सांगितलं. तेही खरं असेल. मोबाईलवर न बोलावता येणाऱ्या गोष्टी काही कमी नाहीत. पुढे त्यांचं कृषी खातं जाऊन त्यांना क्रीडा खातं मिळालं. ऋग्वेदात जुगाराकडून शेतीकडे जा म्हणून सांगितलं होतं. इथे प्रवास उलट झाला.

"आणि मामलेदारसाहेब," भाचा म्हणाला, "१ ऑक्टोबर २०२३ पासून सरकार आमच्याकडून २८ टक्के जीएसटी घेत होतं. जिंकलेल्यावर नाही, भरलेल्या सगळ्या रकमेवर. तेव्हा कीड नव्हती?"

कौटिल्य पाचावर थांबला होता, हे मी मनात म्हटलं. मामलेदारसाहेब बशीत चहा ओतू लागले.

आता बंदीने काय होतं, याचा धडा अमेरिकेने पैसे मोजून घेतला आहे. तिथे २००६ साली ऑनलाइन जुगाराचे पैसे बँकांनी फिरवू नयेत, असा कायदा झाला. तो बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाच्या शेपटीला बांधून पास करण्यात आला. बंदरांचा आणि पत्त्यांचा संबंध विचारू नये. लग्नाच्या वऱ्हाडात असे एक-दोन जण असतातच. घोड्यांना तिथेही सवलत होती. घोडा हा जगभर वशिल्याचा प्राणी आहे. या कायद्याविरुद्ध पोकर खेळणाऱ्यांची संघटना उभी राहिली. आपले दहा लाखांवर सभासद आहेत असा तिचा दावा होता आणि डमॅटो नावाचे एक माजी सिनेटर तिचे अध्यक्ष होते. बार्नी फ्रँक नावाच्या खासदाराने परवाने आणि नियमन यांची विधेयकं मांडली. तोवर खेळ थांबला होता का? तो परदेशी कंपन्यांकडे चालूच होता. २००७-०८ मध्ये दोन कंपन्यांच्या साइटवर आतल्या माणसांना समोरच्याचे झाकलेले पत्ते दिसत होते, असं उघड झालं. उघडकीला कुणी आणलं? खेळणाऱ्यांनीच, डावांच्या नोंदी तपासून. पोलिसात जायची सोय कुठे होती!

मग आला १५ एप्रिल २०११. अमेरिकन सरकारने तीन मोठ्या कंपन्यांच्या साइट एका दिवसात जप्त केल्या. त्यातल्या 'फुल टिल्ट' या कंपनीने खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं होतं, आणि सरकारी वकिलांच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या बँकेत शिल्लक होती ती सहा कोटींच्या आसपास. म्हणजे जिंकलेल्यांच्याही हाती फक्त पडद्यावरचे आकडे होते. कौशल्य असलेले आणि नसलेले प्रथमच एका पातळीवर आले. अमेरिकन खेळाडूंना पैसे परत मिळायला २०१४ उजाडलं. दरम्यान २०१३ साली नेवाडा आणि न्यू जर्सीत परवान्याचा ऑनलाइन पोकर सुरू झाला. न्यू जर्सीत खेळाडूचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळे ठेवावे लागतात. किती भरायचे याची मर्यादा खेळाडूला स्वतःवर घालता येते, आणि 'मला आत घेऊ नका' म्हणून यादीत आपलं नाव लिहून देता येतं. ही यादी मला फार आवडली. धर्मराजाला अशी सोय असती, तर महाभारत सभापर्वातच संपलं असतं.

"मग करा की सही!" भाच्याने पेन पुढे केलं.

इथे मला तळमजल्यावरच्या मुलाची गोष्ट सांगितली पाहिजे. त्याचं नाव घेत नाही, त्याची आई आमच्याकडे पोळ्या करायला येते. मुलगा कुरिअरच्या ऑफिसात होता. मोबाईलवर रमी खेळायचा. आधी पाच-दहा रुपयांची, मग शंभराची. जाहिरातीत एक नट हसत हसत सांगायचा, जबाबदारीने खेळा. हे शेवटचं वाक्य तो नट इतक्या भरधाव म्हणायचा, की आगगाडी सुटते आहे असं वाटावं. बहिणीच्या लग्नासाठी आईने भिशीत साठवलेले एक लाख ऐंशी हजार त्याच्या खात्यात ठेवले होते, कारण मुलगा शिकलेला. ते चार महिन्यांत गेले. मग मोबाईलवरच कर्ज मिळालं, तेही गेलं. २०२५ च्या ऑगस्टात बंदी आली तेव्हा त्या माउलीने देवापुढे साखर ठेवली. पंधरा दिवसांत मुलाला कुणीतरी एक लिंक पाठवली. कंपनी कुठल्या तरी बेटावरची. तिथे जाहिरात नाही, कर नाही, वय विचारत नाहीत, आणि हसणारा नटही नाही. लग्न पुढे ढकललं. पोळ्या लाटताना ती एकदा हिला म्हणाली, "वहिनी, पूर्वी निदान नवरा कुठल्या अड्ड्यावर बसलाय ते माहीत असायचं. जाऊन ओढून आणता यायचं. हा तर शेजारच्या गादीवर झोपलेला असतो."

या वाक्यापुढे भाच्याचं कौशल्य लंगडं पडतं आणि मामलेदारसाहेबांची बंदीही. भाच्याला स्वातंत्र्य हवं आहे ते जिंकणाऱ्याचं. तो महिन्याला चार-पाच हजार मिळवायचा, असं त्याने अभिमानाने सांगितलं. ते कुठून यायचे, हे मी विचारलं नाही. त्याचा चेहरा पोकरचा राहिला नव्हता, तेवढ्यावरून कळलं. मामलेदारसाहेबांना हवी आहे ती सरकारची स्वच्छ सदसद्विवेकबुद्धी. बंदी घातली की फायलीवर शेरा मारता येतो, की आम्ही बंदी घातली. त्या मुलासाठी मात्र दोघांच्या कागदावर एक ओळ नाही.

माणसाला त्याच्या स्वतःपासून वाचवण्याचा अधिकार सरकारला आहे का, असा या वादाचा थोरला प्रश्न आहे. त्यावर विद्वान फार छान बोलतात. मला त्यात एक अडचण दिसते. रात्री दोन वाजता ओळीने अकरा डाव हरलेला माणूस आणि सकाळी दात घासणारा माणूस यांचं नाव एकच असलं, तरी ते एक नसतात. सकाळच्या माणसाला स्वातंत्र्य द्यावं, असं मला मनापासून वाटतं. सज्ञान माणसाने आपल्या कमाईतले पाचशे रुपये पत्त्यांवर उडवले, तर मामलेदारसाहेबांनी त्याच्या ताटात पाहू नये. पण सकाळच्याच माणसाला रात्रीच्या माणसाचे हात बांधून ठेवायचे असतात. त्याला दोरी हवी असते. बंदी ही दोरी देत नाही. ती फक्त दार दाखवत नाही, आणि दारं हल्ली खिशात असतात. दोरी देता येते ती ज्याचा पत्ता ठाऊक आहे, ज्याचे हिशेब तपासता येतात, ज्याचा परवाना काढून घेता येतो, अशाच दुकानदाराकडून. तेवढ्यासाठी मी नियमनाच्या बाजूचा आहे. कौशल्यासाठी नाही.

यातही मेख आहे. दुकानदाराची कमाई प्रामुख्याने रात्रीच्या माणसावर असते. आणि सरकारने त्या कमाईत टक्केवारी धरली, की सरकारही त्या माणसाच्या जागं राहण्याची वाट पाहू लागतं. म्हणून या धंद्यातून तिजोरी भरायची नाही, एवढं सरकारने आधीच ठरवलं पाहिजे. हे लिहितानाच मला हसू येतं आहे. तरी लिहिलं.

मी भाच्याचं निवेदन घेतलं आणि कौशल्याचा सगळा परिच्छेद पेन्सिलीने खोडला. करातून देशाचा विकास होईल, तोही खोडला. शिल्लक राहिल्या दीड ओळी. त्यांखाली मी लिहिलं: परवाना द्या, पण महिन्याला किती भरता येईल याची मर्यादा कायद्याने घाला, आणि ती वाढवायची असेल तर तीन दिवस थांबायला लावा. उधारीवर आणि कर्जावर खेळ नको. खेळाडूचे पैसे निराळ्या खात्यात. 'मला आत घेऊ नका' ही यादी सगळ्या कंपन्यांना एकच, आणि त्या यादीतल्या माणसाला आत घेतलं तर त्याने हरलेले पैसे कंपनीने परत करायचे. जाहिरात नाही, नटही नाही. आणि समोर मशीन बसलं असेल, तर तसं सांगायचं.

भाच्याने वाचलं. "मामा, या अटींवर कुठलीही कंपनी धंदा करणार नाही."

"एखादी करेल. कमी नफ्यात करेल."

मामलेदारसाहेबांनी वाचलं. "या अटींवर कुठलंही सरकार परवाना देणार नाही. त्यात सरकारला काय मिळणार?"

दोघांचं प्रथमच एकमत झालं, तेव्हा मसुदा बरा उतरला असावा असं समजून मी सही केली. सातवी. भाचा कागदाची घडी घालून गेला. तो त्याने खासदारांकडे पोचवला की नाही, हे मी विचारलेलं नाही. पण त्यानंतर आठ दिवसांनी तो तळमजल्यावर गेला होता आणि त्या मुलाचा मोबाईल घेऊन तासभर काहीतरी करत बसला होता, असं पोळ्यावाल्या बाईंनी सांगितलं. बेटावरची लिंक उघडू नये, अशी काही व्यवस्था केली म्हणे. किती दिवस टिकेल, देव जाणे.

हिने सगळं निवेदन वाचून माझ्याकडे परत दिलं. "चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "त्या यादीत एक नाव घरच्यांनाही घालता आलं पाहिजे, तेवढं लिहा. तुम्ही पुरुष सगळे स्वतःहून नाव देणार, आणि आम्ही वाट बघणार!"

हा मुद्दा कायद्याच्या दृष्टीने फार नाजूक आहे, सज्ञान माणसाच्या स्वातंत्र्याचा त्यात प्रश्न येतो, असं मी तिला समजावून सांगितलं.

"म्हणजे पुढची तारीख," ती म्हणाली आणि आत गेली.